साईज म्हणजे नक्की कुठली? फोटो हलका करायची माझी रीत

"काकी, फोटो चढणाच नाय. साईज कमी करून देशात काय?"

देवगडजवळच्या जामसंड्यात माझं झेरॉक्स आणि फोटोचं दुकान आहे. हे वाक्य दिवसातून चार-पाच वेळा तरी माझ्या कानावर येतं. भरतीचे अर्ज भरणारी मुलं, पुण्याच्या गिऱ्हाइकांना पेट्यांचे फोटो पाठवणारे बागायतदार, कुणकेश्वरच्या वाटेवर पाहुण्यांसाठी घरातल्या दोन खोल्या काढून ठेवलेल्या वहिनी, सगळ्यांचं अडतं ते इथेच. मी आधी उलट विचारते, "कुठली साईज?" कारण साईज हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या गोष्टींना वापरतो आणि निम्मा घोळ तिथेच होतो.

पहिली गोष्ट म्हणजे फोटोचं माप. फोटो म्हणजे बारीक रंगीत ठिपक्यांची रांगोळी. आडवे किती ठिपके आणि उभे किती, हे त्याचं माप. हे ठिपके म्हणजेच पिक्सेल. दुसरी गोष्ट वजन, म्हणजे ती फाइल फोनमध्ये किती जागा खाते. हे केबी आणि एमबीमध्ये सांगतात. तिसरी गोष्ट कागदावरचा आकार. पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर असतो, तो हा आकार. स्क्रीनला सेंटिमीटर कळत नाही, कागदाला केबी कळत नाही. अर्जात "साईज ५० केबी" लिहिलं असेल तर ते वजन. "साईज २०० बाय २३०" लिहिलं असेल तर ते माप. एवढं एक नीट वाचलंत तरी अर्धं काम झालं.

ह्यातच एक जुना गैरसमज आहे. ऑनलाइन टाकायचा म्हणून फोटो ७२ डीपीआयचा करा, असं अजूनही काही जण सांगतात. डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे, ह्याची फाइलमध्ये केलेली नोंद. नुसती ती नोंद बदलली तर ठिपके तेवढेच राहतात आणि वजनही तेवढंच राहतं. ऑनलाइनसाठी डीपीआयकडे पाहायचं कारणच नाही. छापायला मात्र तो लागतो, त्याबद्दल शेवटी सांगते.

आधी माप, मग वजन

माझ्या दुकानातला हा पहिला नियम आहे. तो असाच का, हे आकड्यांत बघा. साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे लागतात. काहीच न दाबता ठेवला तर तो फोटो ३६ एमबी होईल. फोन तो जेपीईजी ह्या फोटोच्या नेहमीच्या प्रकारात दाबून तीन-चार-पाच एमबीचा करतो. म्हणजे तुमच्या हातात येतो तो फोटो आधीच एकदा दाबलेला असतो. तोच मापात न बदलता आणखी दाबत गेलात तर चेहरे मेणाचे दिसायला लागतात.

माप कमी केलं की काय होतं? ४००० बाय ३००० चा फोटो १६०० बाय १२०० चा केला की ठिपके उरतात १९ लाख २० हजार. मूळच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी. रुंदी निम्मी केली की उंचीही निम्मी होते आणि ठिपके एकदम पावपट होतात. एवढं होऊनही बघणाऱ्याला फरक कळत नाही, कारण बहुतेक फोनच्या स्क्रीनची रुंदीच १०८० ठिपक्यांच्या आसपास असते. वरचे ठिपके बघणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोचतच नाहीत, नुसते रेंज खातात.

आणि रेंज ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही. गणपतीत आमच्या वाडीत घराच्या मागच्या दारी फोन धरला तर दोन काड्या, नाहीतर सरळ सडा, म्हणजे वरचं कातळाचं माळरान, गाठायचं. मुंबईहून ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी भाचीने आरतीचे ४० फोटो काढले. एकेक ५ एमबीचा, म्हणजे २०० एमबी. रात्री नऊला पाठवायला लावले ते सकाळपर्यंत तसेच फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी सगळे १६०० चे करून दिले. एकेक साधारण साडेतीनशे केबी, सगळे मिळून १४ एमबी. चहा होईपर्यंत गेले आणि दादरला बसलेल्या तिच्या आजीने मोठे करून करून पाहिले.

मी कुठे किती ठेवते ते सांगते. व्हॉट्सॲपसाठी लांब बाजू १६००. इन्स्टाग्रामसाठी रुंदी १०८०, उभा फोटो असेल तर १०८० बाय १३५०. होमस्टेच्या वेबसाइटवर पानभर पसरणारा फोटो १९२०, आणि खाली खोल्यांचे, जेवणाच्या ताटाचे जे छोटे फोटो लावतात ते ८००. मेलने पाठवायचे असतील तर पुन्हा १६००. जीमेलला सगळं मिळून २५ एमबीची मर्यादा आहे, तीत असे पन्नास फोटोही सहसा बसून जातात. लहान फोटो मोठा मात्र कधी करू नका. ६०० चा १६०० केला तर नवीन काही दिसत नाही, आहे तेच ताणलं जातं आणि वजन वाढतं ते वेगळंच.

मापाच्याही आधी एक काम आहे, कापण्याचं. ते लोक विसरतात. फोटोत नको ते किती आहे बघा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला हत्ती आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यानंतर ती बघायला येणारे वाढले. एक मुलगा तिथला फोटो घेऊन आला. वरचा अर्धा फोटो नुसतं आभाळ, बाजूला कुणाची तरी गाडी. हा सगळा १६०० मध्ये बसवला असता तर कोरलेल्या रेषेच्या वाट्याला ठिपकेच किती आले असते? ती रेष मुळात उथळ, सकाळच्या तिरप्या उन्हात तिच्या कडेची सावली पडते म्हणून दिसते. मी आभाळ आणि गाडी कापली, मग १६०० केला. हत्तीची सोंड कुठे वळते ते स्पष्ट दिसायला लागलं आणि वजन तेवढंच राहिलं.

चिरेबंदी फोटो

आता दाबण्याबद्दल. हे जरा सविस्तर सांगते, कारण हे कळलं की सेव्ह करताना येणारी, शंभरापर्यंत जाणारी क्वालिटीची पट्टी कुठे ठेवायची ते कुणाला विचारावं लागत नाही.

आपण जांभ्याचे चिरे एकावर एक लावून भिंत उभी करतो, तसा जेपीईजी फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोनी चिरे पाडतो. मग प्रत्येक चिऱ्यात रंग कसा बदलतो ते बघतो. सावकाश बदलतो की भराभर? सावकाश बदलत असेल तर दोन-चार आकड्यांत काम भागतं. भराभर बदलत असेल, म्हणजे बारीक नक्षी, रेती, पानं असतील, तर आकडे जास्त लागतात. क्वालिटी कमी करणं म्हणजे त्या बारीक बदलांचे आकडे ओबडधोबड करणं किंवा सोडूनच देणं. डोळ्याला ते आधी जाणवत नाही, म्हणून ही युक्ती चालते. ह्यामागचं गणित बंगळूरला जन्मलेल्या नासिर अहमद ह्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि १९९२ च्या जेपीईजी मानकाचा तो पाया झाला. रोज आपण जे फोटो पाठवतो त्यामागे आपल्याकडे जन्मलेल्या माणसाचं डोकं आहे, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक शाळकरी मुलाला सांगते.

आता आपल्या किनाऱ्यावरचे दोन फोटो घ्या. एक जांभ्याच्या गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, वर शेवाळ, मागे माडाच्या झावळ्या. दुसरा संध्याकाळच्या शांत समुद्राचा, वर केशरी आभाळ. दोन्ही १६०० चे करा, दोन्हीची क्वालिटी ७५ ठेवा. गडग्याच्या फोटोचं वजन समुद्राच्या फोटोच्या तिप्पट-चौपट येतं. माप तेच, क्वालिटी तीच, तरी असं. कारण गडग्याच्या प्रत्येक चिऱ्यात भोकं, डाग, शेवाळाचे तंतू आहेत आणि आभाळाच्या चिऱ्यात जवळजवळ काहीच नाही.

माझ्या अनुभवात ह्याच्या पुढची गोष्ट जास्त कामाची ठरली. दोघांची क्वालिटी ५० वर आणा. गडग्याचा फोटो अजूनही चांगला दिसतो, कारण त्या खडबडीत दगडात काय गेलं ते डोळ्याला शोधता येत नाही. आभाळाचा फोटो मात्र बिघडतो. केशरीतून जांभळ्याकडे सरकणारा रंग पायऱ्या-पायऱ्यांचा होतो, ओहोटीला पाणी उतरल्यावर रेतीत रेघा उरतात तशा. म्हणजे जो फोटो जड आहे तो दाबणं सहन करतो आणि जो मुळात हलका आहे त्याला जास्त क्वालिटी लागते. म्हणून सगळ्या फोटोंना एकच आकडा लावायचा सल्ला मला पटत नाही. झाडं, दगड, गर्दी, जत्रा ह्यांना मी ६५ ते ७० लावते. चेहरे आणि जेवण ७५ ते ८०. सूर्यास्त, समुद्र, धुकं, साधी रंगवलेली भिंत ८५. आभाळाला ८५ लावूनही वजन फार वाढत नाही.

आंब्याचं वेगळं सांगायला हवं. हापूसच्या सालीवर बारीक फिकट ठिपके असतात, देठाजवळ हिरवट झाक असते, पिवळ्यात कुठेतरी लालसर छटा सरकते. पुण्यातलं गिऱ्हाईक फोटो मोठा करून तेच बघतं, फळ झाडावर तयार झालेलं आहे का, डाग आहे का. क्वालिटी ५० च्या खाली गेली की पहिले ते ठिपके जातात आणि आंबा प्लास्टिकचा दिसायला लागतो. बागायतदाराने वर्षभर राखलेल्या फळावर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. पेटीचा फोटो खुशाल ७० ने दाबा, पेंढा काय नि फळी काय, सगळं खपून जातं. पण एका फळाचा जवळून काढलेला फोटो ८५ च्या खाली आणू नका. वजन कमीच हवं असेल तर माप १२०० करा.

जाळ्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी अजून एक. बंदरावर वाळत घातलेली जाळी, पत्र्याच्या पन्हाळ्या, चटईची वीण अशा एकसारख्या बारीक रेघा असलेला फोटो लहान करताना त्यात नसलेल्याच लाटा उमटतात. प्रोग्रॅम घाईघाईत मधले ठिपके नुसते गाळत असेल तर असं होतं. "रिसॅम्पल" किंवा "लँक्झोस" असा पर्याय दिसला तर तो घ्या. तो आजूबाजूच्या ठिपक्यांचा हिशेब करून नवा ठिपका बनवतो.

अक्षरं आली की जेपीईजी नको

भजनी मंडळाचं पोस्टर, आंब्याचं दरपत्रक, होमस्टेचा पैसे भरायचा क्यूआर कोड, हे फोटो नव्हेत. ह्यांत सपाट रंग आणि धारदार कडा असतात. जेपीईजीत अक्षरांच्या कडेला मळकट डाग येतात, आणि लाल अक्षरांची तर पारच वाट लागते. कारण उजेड-अंधारातला फरक डोळ्याला नेमका कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून जेपीईजीमध्ये बहुतेक वेळा रंगांची नोंद निम्म्याच बारकाईने ठेवतात. फोटोत हे लपतं, हिरव्यावरच्या लाल अक्षरात लपत नाही. अशी चित्रं पीएनजीमध्ये सेव्ह करा. पीएनजी १९९६ पासून आहे, ती काहीही न गाळता दाबते आणि सपाट रंगाचं पोस्टर तीत बऱ्याचदा जेपीईजीहून हलकंही होतं. उलट समुद्राचा फोटो पीएनजीत ठेवलात तर तो कित्येक पट जड होईल. फोटो जेपीईजीत, अक्षरं पीएनजीत. व्हॉट्सॲपवर पोस्टर साधा फोटो म्हणून टाकलं तर ते पुन्हा जेपीईजी होतं, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

वेबपी हा गूगलचा २०१० चा प्रकार. त्याच दर्जाचा फोटो जेपीईजीपेक्षा हलका होतो. स्वतःची वेबसाइट असेल तर जरूर वापरा. अर्जांना मात्र तो सहसा चालत नाही. आयफोनवाल्यांची एक अडचण नेहमी येते. २०१७ पासून आयफोन फोटो एचईआयसीमध्ये ठेवतो आणि अर्ज तो घेत नाही. फाइलच्या नावाचं शेपूट बदलून जेपीजी लिहिलं म्हणून फोटो जेपीईजी होत नाही. नीट उघडून जेपीईजी म्हणून सेव्ह करा, किंवा फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग मोस्ट कम्पॅटिबल निवडा.

कशाने करायचं

एक-दोन फोटो असतील तर मी स्क्वूश वापरते. ती गूगलच्या क्रोमवाल्यांनी बनवलेली मोफत वेबसाइट आहे, फोनवरही चालते. फोटो टाकला की मधोमध एक रेष येते. रेषेच्या एका बाजूला मूळ फोटो, दुसऱ्या बाजूला दाबलेला. रेष बोटाने सरकवत चेहऱ्यावर आणा, आभाळावर आणा, फरक दिसतो का बघा. रिसाइज चालू करून रुंदी लिहा, उंची आपोआप बदलते. खाली मोझजेपीईजी (म्हणजे जेपीईजीच) निवडा, क्वालिटीची पट्टी हलवा. वजन किती झालं ते तिथेच दिसतं. क्वालिटी हा विषय कळायचा असेल तर ती रेष सरकवत घालवलेली दहा मिनिटं पुरेत.

ह्या साइटचा मला सर्वांत मोठा आधार वाटतो तो वेगळाच. फोटो तुमच्याच ब्राउझरमध्ये दाबला जातो, कुठल्या सर्व्हरवर जात नाही. "फोटो ५० केबी करा" असं शोधल्यावर ज्या शंभर साइट दिसतात त्यांतल्या बऱ्याच तुमची फाइल आपल्याकडे उतरवून घेतात. आधार कार्ड, सही, मार्कशीट अशा ठिकाणी टाकू नका, कळकळीने सांगते. घरातला कंप्युटर आहे ना, विंडोजमधलं पेंटसुद्धा चालेल. पेंटमध्ये कंट्रोल आणि डब्ल्यू दाबा, पिक्सेल्स निवडा, प्रमाण राखायच्या चौकोनात खूण आहे ना ते बघा, आडवा आकडा लिहा, आणि सेव्ह ॲज करून नवं नाव द्या. पेंटमध्ये क्वालिटी ठरवता येत नाही, पण नुसतं माप कमी केलं तरी निम्म्याहून जास्त काम होतं.

ढीगभर फोटो असतील तर विंडोजवर इरफानव्ह्यू. घरगुती वापराला तो फुकट आहे, धंद्यासाठी परवाना घ्यावा लागतो आणि मी तो घेतला आहे. त्यात बी दाबलं की बॅच कन्व्हर्जनची खिडकी उघडते. फोटो त्यात भरा, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन लांब बाजू १६०० लिहा, आणि लहान फोटो मोठे करू नयेत अशी खूण करा. फोटो ज्या फोल्डरमध्ये जाणार तो वेगळा निवडा. हे वेगळ्या फोल्डरचं विसरू नका, का ते सांगणार आहे.

अर्जाचा फोटो

दुकानात सगळ्यात जास्त वेळ ह्यातच जातो. बँकांच्या भरतीत साधारण असं मागतात: फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. लोक वरच्या मर्यादेला घाबरतात, पण अडतात खालच्या मर्यादेला. २०० बाय २३० म्हणजे जेमतेम ४६ हजार ठिपके. नेहमीच्या ७५ क्वालिटीने दाबला की वजन दहा केबीच्या आसपास येतं आणि अर्ज म्हणतो, फाइल लहान आहे. मुलं मग आणखी दाबतात! इथे उलटं करायचं असतं. क्वालिटी ९५ किंवा त्याच्या वर न्या, वजन २० च्या वर चढतं.

क्रम असा ठेवा. आधी २०० बाय २३० च्या प्रमाणात कापा, चेहरा मधोमध, डोक्यावर थोडी जागा. मग माप बदला. नुसतं माप बदलून आडव्या फोटोचा उभा केलात तर चेहरा पिचकतो आणि अर्ज बाद व्हायची भीती असते. शेवटी वजन.

सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने करा, खिडकीपाशी उजेडात, कागदावर हाताची सावली न पडू देता फोटो काढा, आणि सहीच्या अगदी कडेने कापा. १४० बाय ६० मध्ये १० केबी भरणं कठीण जातं. अर्जात त्या मापापुढे "प्रीफर्ड" असं लिहिलं असेल तर २८० बाय १२० करून बघा.

फोटो अर्जात आडवा पडतो, ही तक्रारही रोजची. फोन उभा धरून काढलेल्या फोटोचे ठिपके पुष्कळदा आडवेच साठवले जातात आणि "हा फिरवून दाखवा" एवढी चिठ्ठी फाइलला लावलेली असते. अर्जाच्या साइटने ती चिठ्ठी वाचली नाही की फोटो आडवा. पेंटमध्ये उघडा, सरळ दिसतो ना बघा, दिसत नसेल तर फिरवा, आणि नव्या नावाने सेव्ह करा. मग चिठ्ठीची गरज राहत नाही.

व्हॉट्सॲप, आणि फोटोतला पत्ता

व्हॉट्सॲप साधा फोटो स्वतःच लहान करून साधारण १६०० ला आणतं आणि दाबतं. तुम्ही आधीच १६०० चा नीट करून दिलात तर त्याच्या हाती बिघडवण्यासारखं कमी उरतं. २०२३ पासून एचडीचं बटण आहे, त्याने माप मोठं राहतं. मूळ फोटो जसाच्या तसा हवा असेल, छपाईला द्यायचा असेल, तर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. आलेला फोटो उतरवून, त्यावर नाव लिहून, सेव्ह करून पुन्हा ग्रुपवर टाकला, तिथून आणखी कुणी तेच केलं, की दर वेळी जेपीईजी नव्याने दाबला जातो. स्क्रीनशॉट काढून पाठवणं तर त्याहून वाईट. पणजीच्या लग्नाचा एक फोटो असा चार ग्रुप फिरून माझ्याकडे आला होता, मंगळसूत्राच्या जागी नुसता पिवळा डाग. तो ज्याने पहिल्यांदा स्कॅन केला त्या घरापर्यंत गेलो, तेव्हा मूळ मिळालं.

फोटो फिरवायच्या त्या चिठ्ठीबरोबर फाइलला आणखी एक नोंद लावलेली असते, फोटो कुठे काढला त्या जागेची. होमस्टेला त्याचं काही नाही. पण आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं घरटी करतात, सड्यावर कातळशिल्पं उघडी पडलेली आहेत, आणि घरात लहान मुलं असतात. घरट्याचा फोटो नोंदीसकट पाठवला तर घरट्याची जागाच पाठवली. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकला की ती नोंद निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की तशीच जाते. विंडोजवर फाइलवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथे खाली माहिती काढून टाकायचा पर्याय आहे. अशा फोटोंना तो वापराच.

मूळ फोटो

प्रत्येक कामाला मी दोन फोल्डर करते. एकाचं नाव "मूळ", दुसऱ्याचं "पाठवायचे". मूळमध्ये फोनमधून जसा आला तसा फोटो, त्याला हात लावायचा नाही. कापणं, लहान करणं, दाबणं सगळं त्याच्या नकलेवर. उद्या दुसऱ्या मापाचा हवा असेल तर पाठवलेल्या फोटोवरून करायचा नाही, पुन्हा मूळवरूनच. महिन्याच्या शेवटी मूळचा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवते, आणि पावसाळ्यात ती डिस्क सिलिकाच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, नाहीतर आपल्या खाऱ्या हवेत तिचं टोक गंजतं.

हे मी पहिल्यापासून करत नव्हते. दुकान नवीन होतं तेव्हा घरचे दीड-दोनशे फोटो एकदम लहान करायला लावले, रुंदी ८००, आणि वेगळा फोल्डर निवडला नाही. प्रोग्रॅमने विचारलं, जुन्यांच्या जागी ठेवू का, मी हो म्हटलं. त्या फोटोंत माझे सासरे होते. आमच्या बागेत उकिडवे बसून हापूसचं कलम बांधतायत, दातात पट्टीचं एक टोक धरलंय, दोन्ही हात फांदीवर. त्यांचा तसा फोटो दुसरा नाही. ते गेल्यावर नवऱ्याला तो माजघरात १२ बाय १८ इंचांचा लावायचा होता. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर १८ इंचांना ५४०० लागतात, १५० वर भागवलं तरी २७००. माझ्याकडे होते ८००. इंचाला ४५ ठिपकेसुद्धा पुरे भरेनात. एकदा काढून पाहिला, तर बोटं आणि फांदी वेगळी ओळखू येईना.

शेवटी इंचाला २०० ठिपके धरून काढला. तो चार बाय तीन इंचांचा झाला, आणि त्यात दातातली पट्टी स्पष्ट दिसते. माजघरात देवळीशेजारी लावलाय, जवळ जाऊन बघावा लागतो.